धूम्रपानाच्या पाइपच्या ॲश लाकडाच्या लांब दांडीवर पीळ कोरताना आतलं धुराचं भोक उघडं पडलं. दांडी वाचेल का, आणि वर शेवटचा हात कशाचा द्यावा?

सरळरेषा:

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एका पाइपच्या दांडीवर बसलो होतो आणि परवा ती हातात असतानाच बिघडली. मदत हवी आहे.

थोरल्या भावासाठी करतोय. आखूड पाइपने त्याची जीभ पोळते, म्हणून लांब लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला दगडी बाउल (तंबाखू भरायची वाटी) असा बेत आहे. बाउल तयार आहे. दांडी ॲशच्या लाकडाची, ४८ सेंमी लांब, गोल, २० मिमी जाडीची. आधी रंध्याने आणि कानशीने गोल केली, हात फिरवला की एकही उंचवटा लागणार नाही इतकी. मग दोन्ही टोकांकडून ५ मिमीच्या लांब ड्रिलने भोक पाडलं. दोन्ही भोकं मधोमध भेटली खरी, पण तिथे जराशी पायरी राहिली. पाइप क्लीनर (भोक साफ करायची लवचीक केसाळ तार) अडखळत का होईना, आरपार जातो.

त्यानंतर बाउलच्या बाजूने पीळ कोरायला घेतला. पेन्सिलीने रेषा आखल्या, करवतीने ४ मिमी खोल खाच घेतली आणि गोल कानशीने खोबण उघडत गेलो. तीन वेढे सुरेख उतरले. चौथ्या वेढ्यात, बाउलपासून साधारण १७ सेंमीवर, कानस एकदम हलकी लागली. बघतो तर भोक उघडं. सहाएक मिमी लांबीची चीर आहे. तोंडाने ओढलं की शिटीसारखा आवाज येतो.

भोक त्या जागी मध्यातून सरकलं होतं हे आता कळतंय. गणिताने भिंत साडेसात मिमी हवी होती, तिथे जेमतेम चार होती.

माझे प्रश्न:

ही चीर बुजवता येईल का, की दांडी टाकून द्यायची? तीन आठवड्यांचं काम आहे, टाकवत नाही.

दुसरं म्हणजे वरचा शेवटचा हात. काहींनी जवसाचं तेल सांगितलं, काहींनी लाख, एकाने तर थेट फर्निचरचं व्हार्निश मारायला सांगितलं. वस्तू तोंडात जाणार आहे, एका टोकाला गरम होणार आहे, आतून ओलसर धूर जाणार आहे. नेमकं काय लावायचं?

आणि बारीक नक्षी करायची इच्छा होती. पिळाच्या वर, तोंडाकडच्या अर्ध्या भागात पानांची वेल. एका तुकड्यावर करून पाहिली तर पानांच्या कडा चुऱ्यासारख्या निघून येतात. पटाशी मी केस कापेल इतकी धारदार ठेवतो, तेव्हा धारेची चूक नसावी.

---

गोलपटाशी:

दांडी टाकू नका. अशी फुटलेली दांडी मी एकदा रागाच्या भरात फेकली होती, पहिल्या वर्षी. त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ती सहज वाचली असती.

आधी दुरुस्ती सांगते. विणकामाची ४ मिमी जाडीची धातूची सुई घ्या. तिला मेणबत्तीचं मेण चांगलं चोळा आणि बाउलच्या टोकाकडून भोकात सरकवा, चिरेच्या पुढे दोन-तीन सेंमी जाईल इतकी. सुई आत असली की डिंक भोकात उतरून ते बुजवत नाही, आणि ठिगळाला खालून टेकूही मिळतो. मग चिरेच्या कडा बारीक पटाशीने साफ करून होडीसारखा आकार द्या, दोन्ही टोकं निमुळती, लांबी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. त्याच ॲशचा, रेषा जुळेल असा तुकडा तासून त्यात घट्ट बसवा. चौकोनी ठिगळ लावू नका. आडवी कड डोळ्याला लगेच टोचते, आणि लाकूड आकसलं की पहिली तिथेच उघडते.

चिकटवायला सरस नको. सरस ओलसर उबेला मऊ पडतो, आणि या नळीतून नेमकी तीच जाणार आहे. दोन भागांचं इपॉक्सी वापरा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट वेळ सुकू द्या. सुई मात्र इपॉक्सी पुरतं कडक होण्याआधी, रबरासारखं असताना, एकदा पिळून मोकळी करून घ्या, नाहीतर ती आतच राहील. भुसा आणि डिंक कालवून तो लगदा चिरेत भरायचा मोह होईल. तो टाळा. पॉलिश झाल्यावर ती जागा मेल्यासारखी दिसते.

आणि हे ठिगळ लपवायचा फार आटापिटा करू नका. नेमक्या त्याच जागी चामड्याची पट्टी किंवा मेण लावलेल्या दोऱ्याचे दाट वेढे द्या. लांब दांड्यांवर मध्ये असा बांध असणं जुनंच आहे, शोभतंही. चामडं कच्चं असेल तर ओलं करून गुंडाळा. सुकताना ते आवळतं आणि ठिगळाला कायमचं धरून ठेवतं.

आता मुळाकडे येते, कारण पुढची दांडी तुम्ही करणारच आहात.

तुम्ही आधी दांडी गोल केलीत आणि मग भोक पाडलंत. क्रम उलटा हवा. लांब ड्रिल लाकडात सरळ जात नाही, मऊ थराच्या बाजूला वळतं. ते कोणाच्याच हातात नाही, माझ्याही नाही. म्हणून मी जाड चौकोनी तुकडा घेते, ३० मिमीचा तरी. त्याला भोक पाडते, दर दोन सेंमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झटकते (भुसा आत दाटला की ड्रिल तापतं आणि आणखी वळतं). भोक जिथे बाहेर निघेल तोच मध्य. मग दोन्ही टोकांच्या भोकांत लेथची टोकं बसवून बाहेरचा आकार भोकाभोवती उतरवायचा. लेथ नसेल तर दोन्ही टोकांवर भोकाच्या भोवती कंपासने वर्तुळं काढा आणि त्या वर्तुळांना जोडत रंधा मारा. एवढ्याने टोकांशी भिंत सारखी होते, मध्ये थोडा बाक राहतो. तो किती आणि कुठे आहे ते भोकात सरळ तार घालून आधीच तपासता येतं. तार घासते तिथे सावध.

याचं कारण फक्त फुटणं नाही. पाइपच्या दांडीवरची सगळी शोभा त्या भोकाच्या परवानगीने होते. किती खोल कोरायचं, खिळा किती लांब, कुठे वाकवायचं, कुठे बारीक करायचं, सगळं ते न दिसणारं भोक ठरवतं. मी दांडीच्या दोन्ही टोकांवर भिंतीची जाडी पेन्सिलीने लिहूनच कोरायला बसते. कोरल्यावर कुठेही ३ मिमीपेक्षा कमी लाकूड शिल्लक ठेवत नाही. २० मिमीची दांडी, ५ मिमीचं भोक, म्हणजे भिंत साडेसात. ४ मिमी कोरलंत तर साडेतीन उरतात. हिशेब तुमचा बरोबर होता, भोक मध्यात असतं तर. आणि ५ ऐवजी ४ मिमीचं भोकही पुरतं, ओढ मोकळी राहते. तो अर्धा मिमी भिंतीला मिळतो.

पिळाबद्दल. तुमचा एक वेढा किती लांबीत पुरा होतो ते लिहिलं नाहीत, पण १७ सेंमीवर चौथा वेढा म्हणजे पाचएक सेंमीला एक. २० मिमी दांडीचा घेर साधारण ६३ मिमी. म्हणजे तुमची खोबण ४५ अंशांपेक्षाही आडवी जाते आहे, आणि दर वेढ्याला सगळे लाकडी धागे आडवे तुटताहेत. दांडी तिथे कमजोर होते. पीळ ताणा. ९ ते १० सेंमीला एक वेढा ठेवा. दिसायला संथ, पाण्याच्या ओघासारखा दिसतो, आणि हत्यार बऱ्यापैकी रेषेबरोबर चालतं. एकच खोबण विरळ वाटली तर समोरच्या बाजूने दुसरी सुरू करा, दोन पदरी पीळ होतो. मग मात्र खोली ३ मिमीवर थांबवा. आखणीसाठी सरळ कडेची कागदी पट्टी दांडीला तिरकी गुंडाळून तिच्या कडेने पेन्सिल फिरवा. एकेक बिंदू जोडण्यापेक्षा रेषा एकसंध येते.

खोबणीत एक गोष्ट पाळा: हत्यार नेहमी उंचावरून खोलात न्यायचं. पिळात दोन्ही काठांची उतरण वेगळ्या दिशेची असते, म्हणून एका काठाला वरून खाली आणि दुसऱ्याला उलट हातानं कापावं लागतं. उलट्या रेषेवर गेलात की कड उचकटते. कानस तो दोष झाकते, पण मागे केसाळ पृष्ठ ठेवते. मी खोबण कानशीने उघडते आणि शेवटचा अर्धा मिमी चाकूनेच काढते.

तुमच्या वेलीच्या पानांच्या कडा का निघतात? ॲशमुळे. या लाकडात दर वर्षाच्या वाढीची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या थराने होते, मग घट्ट थर. पानाची बारीक कड त्या छिद्रांच्या थरावर आली की खाली धरायलाच काही नसतं. पटाशी कितीही धारदार असो. ॲश ठसठशीत आकारांचं लाकूड आहे: पीळ, कंगोरे, लांब खोबणी, चपट्या पाकळ्या. वेल हवी असेल तर मेपल, चेरी, पेअर यांसारखं एकजीव लाकूड घ्या, त्यावर पानाची शीरसुद्धा उतरते. या दांडीवर वेलीचा हट्ट सोडा असं मी कळकळीने सांगेन.

शेवटच्या हाताबद्दल रात्री लिहिते. त्यात घाई करण्यासारखं काही नाही, तुमचं इपॉक्सी अजून सुकायचं आहे.

---

एबोनाइटनळी:

मी लांब दांड्या करत नाही, ब्रायर नावाच्या झुडपाच्या लाकडाचे आखूड पाइप करतो, पण वरचा क्रम आमच्याकडेही तोच. आधी भोक, मग रूप.

एक पर्याय सुचवतो. तोंडाकडचं शेवटचं ४ ते ५ सेंमी लाकडाचं न ठेवता एबोनाइटचं करा. रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून कडक केलेला हा पदार्थ आहे. दातांना किंचित मऊ लागतो, लाकडासारखा फुगत नाही. काळ्यात तांबड्या-तपकिरी रेघा असलेलाही मिळतो, तो ॲशच्या फिकट रंगाशेजारी छान दिसतो. ॲक्रिलिकही चालतं. ते रंग बदलत नाही, पण दाताखाली टणक लागतं.

एबोनाइटचं पॉलिश म्हणजे निव्वळ धीर. कानशीचे ओरखडे ४०० नंबरच्या काचकागदाने पूर्ण गेल्याशिवाय ६०० हातात घेऊ नका. मग ८००, १०००, २०००, सगळे पाण्यात भिजवून. दर नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे उरलेत का ते दिसतं. शेवटी कापडी चाकावर हलक्या हाताने. जोर दिलात तर चाकाच्या उष्णतेने पृष्ठ मऊ पडून पसरतं आणि कडा गोल होतात. बाक द्यायचा असेल तर आत पाइप क्लीनर घालून मगच गरम करा, नाहीतर वाकताना भोक चपटं होतं.

उन्हात ठेवू नका. प्रकाशाने आणि हवेने एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि चवीला कडू लागतं. वापर झाला की पुसून अंधारात ठेवायचं, एवढंच भावाला सांगा.

---

सरळरेषा:

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. सुई-मेणाचा उपाय वाचून रात्री झोप लागली. ठिगळ आज बसवलं. रेषा जुळवायला चार तुकडे तासावे लागले, पाचवा बसला.

एबोनाइटचं टोक सुंदर दिसेल हे पटतं, पण ही दांडी मला अखंड लाकडाचीच ठेवायची आहे. पुढच्या वेळी नक्की करेन.

वेलीचा हट्ट सोडला. मग तोंडाकडचा अर्धा भाग मोकळाच ठेवू का? जुन्या दांड्यांवर तापवलेल्या कानशीने डाग देतात, पितळी खिळे ठोकतात, असं ऐकलं आहे. ॲशवर ते जमेल का? आणि लाकडाची दांडी थेट ओठात धरायची तर त्या टोकाला काय लावू?

---

गोलपटाशी:

पाचवा तुकडा बसला यातच दांडी वाचली असं धरा.

डाग ॲशवर फार चांगले उठतात. जुनी, झिजलेली, एकेरी दातांची चपटी कानस घ्या. तापवल्यावर तिचं पाणी (कडकपणा) उतरतं, ती पुन्हा कानस म्हणून कामाची राहत नाही, म्हणून चांगली वापरू नका. गॅसच्या बर्नरवर अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेल इतपत तापवायची, दांडीवर टेकवून एक श्वास धरायचा, उचलायची. दातांच्या समांतर रेघा तपकिरी उमटतात. दांडी गोल असल्याने कानस फक्त एका अरुंद पट्टीत टेकते. ती पट्टी दांडीच्या लांबीत, थोडी तिरकी, पिळाच्याच कलाने ठेवलीत तर खालच्या पिळाचा सूर वर चालू राहतो. ॲशचा छिद्रांचा थर आधी जळतो आणि घट्ट थर मागे राहतो, त्यामुळे एकेका डागात लाकडाची वर्षं मोजता येतात. हे मला प्रत्येक वेळी तितकंच आवडतं.

दोन खबरदाऱ्या. जस्ताचा मुलामा असलेलं काही तापवू नका, त्याचा धूर अंगात ताप भरवतो. आणि डाग देण्याचं काम तेल लावण्याआधी, कोरड्या लाकडावर. नंतर त्या जागी काजळी सुटते ती कोरड्या ब्रशने घासून काढा, नाहीतर तेलाबरोबर सगळ्या दांडीवर पसरते.

काळा रंग हवा असेल, समजा खोबणीच्या तळाला, तर व्हिनेगरमध्ये स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा बोळा) काही दिवस बुडवून ठेवलेलं पाणी वापरा. ते लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) जमून काळं पडतं. ॲशमध्ये टॅनिन कमी, नुसतं लावलंत तर राखाडी येईल. आधी कडक काळा चहा लावून सुकवा, मग हे पाणी. तुकड्यावर करून पाहा आणि ओठाच्या टोकापासून लांब ठेवा.

पितळी खिळे, घुमटी डोक्याचे, दिसतात देखणे. तुमच्या दांडीला मी चार-सहापेक्षा जास्त लावणार नाही. खिळ्याचा दांडा भिंतीच्या निम्म्याहून लांब नको, जास्तीचा कापून टाका. प्रत्येकाला आधी बारीक भोक पाडा, ॲश रेषेत सरळ दुभंगतं. आणि एकाच रेषेत ओळीने ठोकू नका, एक इकडे एक तिकडे अशी रचना ठेवा, म्हणजे एकाच धाग्यावर सगळा ताण येत नाही. भोक जिथे सरकलेलं आहे त्या बाजूला एकही नको.

आता ओठाचं टोक. शेवटची दोन-अडीच इंच जागा मी पूर्ण उघडी ठेवते. रंग नाही, डाग नाही, लाख नाही, खिळा तर नाहीच. त्या भागाला काचकागद ४०० पर्यंत मारा, ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, केस उठतील ते हलकेच काढा. असं तीनदा. लाळेने जे केस नंतर उठले असते ते तुम्ही आधीच उठवून संपवता. मग घोटा. मी घासून गुळगुळीत केलेलं हाड वापरते, चमच्याची पाठही चालते. दाबून, रेषेच्या दिशेने, लाकूड काचेसारखं चमकेपर्यंत. यावर शुद्ध मधमाशांचं मेण चोळून फडक्याने पुसून टाकलं की झालं. ते उडालं की भाऊ पुन्हा लावू शकतो, कोणाला विचारावं लागत नाही.

बाकीच्या दांडीला कच्चं जवसाचं तेल. "बॉइल्ड" म्हणून मिळतं ते नको, लवकर सुकावं म्हणून त्यात सहसा धातूंची लवणं घातलेली असतात. कच्चं तेल हळू सुकतं. अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, आठवडाभर थांबायचं. असे तीन हात आणि मग दोन-तीन आठवडे हवेशीर जागी. वास पूर्ण गेला की तयार. अक्रोडाचं तेलही सुंदर, पण घरात कोणाला त्याची ॲलर्जी नाही ना ते आधी विचारा. आणि हे मी दर वेळी लिहिते, लोकांना कंटाळा आला तरी: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. सुकताना ती स्वतः तापतात आणि पेट घेतात. पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवा. माझ्या कामाच्या जागी एकदा डब्यातून धूर निघाला होता, मी शेजारीच होते म्हणून निभावलं.

लाख वाईट नाही. पातळ हात पटकन चमक देतो. पण सत्तर-पंच्याहत्तर अंशांच्या पुढे ती मऊ पडते, म्हणजे बाउलच्या जोडाजवळ चिकट होऊ शकते. पाण्याने पांढरट डागही धरते. मधल्या भागाला लावायची तर लावा. मेणाचंही तसंच, मधमाशांचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं, कार्नौबा (ताडाच्या पानांवरचं कडक मेण) ब्याऐंशीच्या पुढे. जोडाजवळ चमक हवी असेल तर कार्नौबा घ्या. फर्निचरचं व्हार्निश मात्र नाही. भोकाच्या आत तर काहीच लावायचं नाही, आतलं लाकूड कोरडं आणि उघडंच हवं.

कोरलेल्या पिळावर काचकागद फिरवू नका. तीन आठवडे खपून काढलेल्या धारा दहा मिनिटांत बोथट होतात. चाकूच्या कापावर थेट तेल द्या, त्या छोट्या छोट्या पैलूंवर उजेड खेळतो.

---

जुनीनक्षी:

सुंदर चर्चा. डाग आणि पितळी खिळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं जोडतो.

लांब लाकडी दांडी आणि दगडी बाउल ही जोडी उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशांतल्या मूळ रहिवाशांकडे फार उंचीला गेली. लाकूड बहुधा ॲश किंवा सुमॅक नावाच्या झुडपाचं, कारण त्यांच्या फांदीचा गाभा मऊ असतो, तापवलेल्या तारेने जाळून काढता येतो. (सुमॅक शोधायला कोणी निघालंच तर लाल तुऱ्याचं घ्या. पांढऱ्या फळांचं विषारी असतं. बिब्बा उततो त्याच कुळातलं आहे ते, आणि त्याचा धूर तर फारच घातक.) बाउलचा तांबडा दगड मिनेसोटातल्या पाइपस्टोनच्या खाणीतला. १८३६ मध्ये चित्रकार जॉर्ज कॅटलिन तिथे गेला, त्याच्यावरून दगडाला कॅटलिनाइट नाव पडलं. १९३७ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथला दगड काढायचा हक्क आजही मूळ रहिवासी जमातींच्या सदस्यांनाच आहे, परवाना घेऊन, हाताने.

त्यांच्या दांड्यांवर चार गोष्टी दिसतात. पीळ. साळिंदराचे काटे भिजवून, चपटे करून, दोऱ्यांवर विणून दिलेले रंगीत वेढे. चपट्या दांडीवर उठावात कोरलेले प्राणी. आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ती आरपार जाळी कोरलेली चपटी दांडी. चौकटी, वर्तुळं, अगदी मधोमध आरपार छेद. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की धूर जातो कुठून. भोक सरळ नसतंच, जाळीला वळसे घालत नागमोडी जातं. ताईंनी लिहिलं की शोभा भोकाच्या परवानगीने होते. इथे कारागिराने भोकालाच शोभेभोवती वळवलं आहे.

पण एक विनंती. बऱ्याच जमातींत बाउल आणि दांडी एरवी वेगळी ठेवतात, ती जोडणं हाच प्रार्थनेचा भाग असतो. तंत्र शिकावं, पीळ कोरावा, डाग द्यावेत. त्यांची प्रार्थनेची चिन्हं जशीच्या तशी उचलू नयेत.

आणि कोणाच्या हाती खरी जुनी दांडी आली तर ती कधीही तोंडात धरू नका. तांबड्या रंगात पारा असलेला हिंगूळ असू शकतो, आणि संग्रहालयांत किडीपासून वाचवायला अशा वस्तूंवर पूर्वी आर्सेनिक मारलेलं आहे. हातमोजे घालूनच हाताळा.

---

सरळरेषा:

सात आठवड्यांनी लिहितोय, तेल सुकण्याची वाट पाहत होतो.

ठिगळ पक्कं बसलं. ओढून पाहिलं, शिटी गेली. त्यावर कच्च्या चामड्याची दोन बोटं रुंद पट्टी ओली करून गुंडाळली आणि आतल्या बाजूने शिवली. सुकल्यावर इतकी आवळली की टाके लाकडात रुतले. पीळ चौथ्या वेढ्यावर, त्या पट्टीपाशीच थांबवला. पुढे कोरलं नाही. उरलेले तिन्ही वेढे चाकूने पुन्हा साफ केले, काचकागद लावला नाही.

वरच्या भागात तापवलेल्या कानशीचे अकरा डाग दिले, पट्टीपासून ओठाकडे जाताना एकेकातलं अंतर वाढवत नेलं. पहिला डाग जास्त वेळ धरला गेला आणि कोळसा झाला, तो खरवडून हलका केला. पाचव्या-सहाव्यापासून हात बसला. डागांमध्ये वर्षं मोजता येतात हे अगदी खरं. एका डागात मी नऊ मोजली.

खिळे लावले नाहीत. भोकात तार घालून पाहिलं तर अजून एका जागी बाक निघाला.

जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, ओठाचं टोक उघडं ठेवून चमच्याच्या पाठीने घोटलं आणि वर मेण. जुन्या दांड्यांची चिन्हं वगैरे काही घेतलं नाही, डाग साधेच आहेत.

काल भावाला दिली. त्याने आधी पेटवलीच नाही. अंगठा पिळात घालून बराच वेळ खालून वर, वरून खाली फिरवत बसला आणि चामड्यापाशी आला की थांबायचा. शेवटी विचारलं, "इथे काय आहे?" मी सांगितलं. म्हणाला, पुढची कधी करशील तेव्हा हिला सोडून दुसरी देऊ नकोस, मला हीच राहू दे.

ताई, चेरीचा ३० मिमीचा चौकोनी तुकडा आणून ठेवला आहे. काल रात्री त्याला ४ मिमीचं भोक पाडलं, दर दोन सेंमीला भुसा झटकत. एका टोकाला मध्यापासून ६ मिमी सरकून बाहेर आलं. आता वर्तुळ त्याच्याभोवती काढलं आहे.